कानसेनांची खुर्ची

"अहो, उतरवा! बिया भाजताय की कोळसा पाडताय?"

बायको दारातूनच ओरडली, तोवर स्वयंपाकघरात निळा धूर भरला होता. कानसेन मात्र लोखंडी कढईवर मान वाकवून, लाकडी उलथणं फिरवत, डोळे मिटून उभे होते.

"थांब गं. दुसऱ्यांदा तडकायच्यात अजून."

"तडकून तडकून थकल्या त्या!" म्हणत तिने फडक्याने कढई उतरवली आणि बिया परातीत ओतल्या. काळ्या कुळकुळीत, तेलकट चमकणाऱ्या. तिने खिडकी उघडली आणि परातीवर वर्तमानपत्राने वारा घालू लागली.

कॉफी दर शनिवारी घरीच भाजायची. ती भाजण्याचं कानसेनांचं एक शास्त्र होतं आणि ते रंगावर किंवा घड्याळावर चालत नव्हतं. हिरव्या बिया तापल्या की आधी एकदा फटाफट फुटतात. तो आवाज बहिऱ्यालाही ऐकू जाईल. मग त्या गप्प होतात. आणि त्यानंतर दुसरी तडतड येते, अगदी बारीक, कोणी शेजारच्या खोलीत कोरडं पान चुरगाळावं तशी. त्या तडतडीला कढई खाली. क्षणभर आधी उतरवली तर कॉफी आंबट, नंतर उतरवली तर कडू जहर.

"बियाच मुक्या निघाल्या," कानसेन परातीकडे बघत म्हणाले. "दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला."

बायको वारा घालत राहिली. मागच्या खेपेच्या बियाही मुक्याच होत्या.

तसं पाहिलं तर अलीकडे जगच थोडं मुकं झालं होतं. मनगटावरचं घड्याळ टिकटिक करत नव्हतं. दारावरची बेल कधी वाजायची, कधी नाही. डास पूर्वी कानाशी येऊन गुणगुणत, आता मेले गुपचूप येऊन चावतात. या एकेका गोष्टीला कानसेनांकडे एकेक कारण तयार होतं. सगळ्या गोष्टींना मिळून एकच कारण असू शकतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि मान्य करणं यात फार मोठं अंतर असतं, आणि माणूस ते अंतर कापायला अजिबात घाई करत नाही.

शिवाय नाव पडलं होतं कानसेन. ते काही कोणी बारशाला ठेवलं नव्हतं, त्यांनी ते कमावलं होतं. उभा जन्म छापखान्यात मशीनवर गेला. मशीन बिघडलं की हे लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक मशीनच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या रुळाचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर बेअरिंग गेलेलं. छपाईचे कागद बदलले, मालक बदलले, पण यांचा शब्द कधी खाली पडला नाही. त्याच मशीनच्या खडखडाटात वर्षानुवर्षं कान उघडे ठेवून उभं राहण्याची किंमत कानच मोजणार, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरात त्यांचा दुसरा संसार होता. एका बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारातून आणलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, जड लोखंडी थाळीचा रेकॉर्ड प्लेयर, आणि कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर. आणला तेव्हा अँप्लिफायर म्हणजे गंजाचा गोळा होता. कानसेनांनी तो स्वतःच्या हाताने जोडला. बायको शेजारी विजेरी धरून बसायची आणि मधेच म्हणायची, "अजून हुंकारतंय हो. आत कुठेतरी हुं हुं चाललंय." कानसेन म्हणायचे, "तुझ्या डोक्यात चाललंय." आणि मग पुन्हा झाकण उघडायचे, कारण हुं हुं खरंच चाललेलं असायचं. पण ही गोष्ट सांगताना विजेरीचा भाग ते गाळत. मुद्दाम नव्हे, आपलं राहून जायचं.

स्पीकरसमोर बरोबर मध्यभागी एक खुर्ची होती. दोन्हीकडचा आवाज तिथे येऊन एक होतो, गाणारं माणूस समोर उभं राहिल्यासारखं वाटतं. त्या खुर्चीत फक्त कानसेन बसत. दर रविवारी सकाळी बैठक भरायची, लोक आपली जुनी यंत्रं घेऊन यायचे, कानसेन खुर्चीत बसून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. बायको आत कॉफी दळायची, कापडी गाळणीतून हळूहळू उकळतं पाणी सोडायची. खुर्ची झटकण्यापलीकडे तिचा त्या खुर्चीशी संबंध आला नव्हता.

आणि हो, ते बटण. अँप्लिफायरवर बारीक, उंच आवाज कमीजास्त करायचं एक बटण होतं, ट्रेबलचं. गेले कित्येक महिने ते जागचं हलत होतं. कानसेन ते उजवीकडे फिरवून ठेवायचे, तेव्हा कुठे गाण्याला धार यायची. थोड्या वेळाने बघावं तर ते पुन्हा मधोमध.

"तू हात लावतेस का याला?"

"धूळ पुसताना सरकत असेल," बायको म्हणायची.

या रविवारी दातांचे डॉक्टर स्पीकरची नवी जोडी घेऊन आले. नवी म्हणजे अर्थातच जुनी. डॉक्टर भला माणूस, दिवसभर लोकांचे आ वासलेले चेहरे बघून कंटाळलेला, आणि गाण्याच्या यंत्रांपायी पुरता वेडा. त्यांनी आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कॅशियरांनी मिळून ते स्पीकर जिन्यावरून वर चढवले. कॅशियरांना सगळे बँकवाले म्हणत. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते कॉफीसाठी येत आणि तसं उघडपणे सांगत.

"ज्याच्याकडून आणलेत त्याला आजच सांगायचंय, ठेवतो की परत करतो," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "मला तर आवडलेत. पण मी कोण? तुम्ही म्हणाल ते."

कानसेनांची छाती इंचभर फुगली. त्यांनी तारा जोडल्या, व्हॉल्व्ह तांबूस तापू दिले, ट्रेबलचं बटण आपल्या जागी फिरवलं. बायको कॉफीचा ट्रे घेऊन आली, ठेवता ठेवता तिचा पदर की बोट की काय ते अँप्लिफायरला लागलं, आणि ती आत गेली.

बँकवाल्यांनी एक घोट घेतला. मग कपाकडे पाहिलं. "आज जरा... कडक आहे," ते म्हणाले, आणि साखरेचा डबा जवळ ओढला. तसं करताना त्यांना या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

कानसेनांनी आपली परीक्षेची रेकॉर्ड लावली. एक बाई गातात, मागे व्हायोलिन, आणि दोन कडव्यांच्या मधे डाव्या बाजूला एकदाच एक इवली घंटी वाजते. टिंग. इतकी नाजूक, की निम्म्या यंत्रांवर ती हरवतेच. कानसेन त्या टिंगवरून स्पीकरची लायकी ठरवत.

ते खुर्चीत बसले, डोळे मिटले. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, व्हायोलिन उतरलं आणि टिंग. स्वच्छ. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"घ्या डॉक्टर," ते म्हणाले. "डोळे झाकून घ्या. घंटी ऐकलीत? दोन्ही स्पीकर एका आईची लेकरं आहेत."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. आणि त्याच क्षणी आतून, भांडी विसळता विसळता, बायकोचा आवाज आला:

"डावा मुका आहे हो. घंटी कुठे आली?"

बोलून गेल्यावर आतल्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आपण काय बोललो हे तिला तेव्हाच कळलं असावं.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मग डॉक्टर हसले, माणसं प्रसंग सावरायला हसतात तसं. "वहिनी, एवढ्या लांबून, तेही नळाच्या आवाजात कसं कळणार? हे म्हणाले ना, संपलं. कानसेनांच्या वर कोर्ट नाही."

"खरंय," बँकवाले म्हणाले.

"असेल, असेल," बायको आतून घाईघाईने म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं. चुकलं माझं."

प्रकरण मिटलं होतं. कानसेनांनी फक्त मान हलवायची होती. नाव शाबूत, खुर्ची शाबूत. पण ते "चुकलं माझं" त्यांच्या मनात रुतून बसलं. इतक्या वर्षांत तिचा कान चुकलेला त्यांना एकदाही आठवेना. हुं हुं आठवलं. विजेरी आठवली.

त्यांनी अँप्लिफायरकडे पाहिलं. ट्रेबलचं बटण मधोमध होतं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. कर्कश आवाजाने पाहुण्यांची तोंडं वाकडी होऊ नयेत, आपल्या नवऱ्याचं हसं होऊ नये, म्हणून ही बाई दर रविवारी कॉफीच्या ट्रेआडून ते बटण गुपचूप मागे फिरवत होती. आणि टिंग? टिंग त्यांना ऐकू आली नव्हती. आठवली होती. गाणं इतकं पाठ होतं, की कान जिथे कमी पडला तिथे आठवणीने घंटी वाजवून दिली होती. किती दिवस हे असं चाललं असेल, कोण जाणे.

ते उठले. रेकॉर्डची सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"डॉक्टर, डाव्या स्पीकरच्या वरच्या छोट्या गोलाला कान लावा, बारीक आवाज तिथून येतात. अगदी चिकटून."

डॉक्टर गुडघ्यांवर बसले, कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग उजव्याला कान लावून पाहिला, पुन्हा डाव्याला.

"काहीच येत नाही ना?" कानसेनांनी विचारलं.

"खालचा मोठा वाजतोय," डॉक्टर पुटपुटले. "वरचा... अगदीच हळू असेल कदाचित..."

"हळू नाही, मेलाय. माझी बायको म्हणाली ते बरोबर. मी म्हणालो ते चूक." कानसेनांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. "डॉक्टर, मला बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले. बँकवाले, कॉफी करपलीय, साखरेने झाकू नका. बियांची तडतड मला ऐकू आली नाही, आणि मी बियांना मुकं म्हणत बसलो."

बँकवाल्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, हीच नवी पद्धत असेल," ते म्हणाले, आणि कानसेनांना खो खो हसू आलं. त्यानंतर डॉक्टरही मोकळेपणी हसले.

"आत तार सुटली असेल," कानसेन म्हणाले. "जोडून देतो. हातांना अजून काही झालेलं नाही. तो माणूस विचारेल तर सांगा, ठेवतो."

मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. बायको ओल्या हातांनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. डोळ्यांचं काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण खांद्यांवरून कळत होतं.

"चल बाहेर."

"कशाला बोललात सगळ्यांसमोर?" ती वळली नाही. "मी सांभाळत होते ना."

"कळलं मला, कसं सांभाळत होतीस. चल."

"हात ओले आहेत माझे."

"खुर्चीला चालतात."

तिला हे खरं वाटायला वेळ लागला. बाहेर आल्यावरही ती खुर्चीच्या बाजूला उभी राहिली, एखाद्या परक्याच्या घरी उभं राहावं तशी. कानसेनांनी खुर्ची पुढे केली. पदराला हात पुसत ती शेवटी बसली, कडेला, टेकून नव्हे.

"मागे टेक. आवाज तिथे येतो."

ती टेकली. कानसेनांनी डॉक्टरांचे स्पीकर बाजूला सरकवले, आपल्या जुन्या जोडीच्या तारा लावल्या. ट्रेबलच्या बटणाला हात लावला नाही. "मंडळी," ते म्हणाले, आणि छापखान्यात निकाल देताना लावायचे तोच आवाज त्यांनी लावला, "हा अँप्लिफायर मी जोडला असं मी तुम्हाला सांगत आलोय. हात माझे होते. कान हिचे होते. यापुढे काही आणाल तर निकाल हिच्याकडे. आणि शनिवारी कढईपाशी हीच उभी राहील. मी उलथणं फिरवीन."

"अहो, पुरे," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वहिनी, मग कॉफी कोण करणार?" बँकवाल्यांनी काळजीने विचारलं.

"गप्प बसा हो. गाणं सुरू होतंय," सुई ठेवत कानसेन म्हणाले.

कानसेन भिंतीला टेकून उभे राहिले. या जागेवरून त्यांनी हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. बाईंचा आवाज भरून आला, तो अजून त्यांना पुरेपूर ऐकू येत होता. व्हायोलिनचं वरचं टोक पुसट होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांनी ते पुसटच ऐकलं. मनाला म्हटलं, तू काही घालू नकोस आपल्या पदरचं.

बायकोने डोळे मिटले होते. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं गाणं आज तिच्या समोर उभं होतं. कडवं संपलं, व्हायोलिन उतरलं. कानसेनांना काहीच ऐकू आलं नाही.

पण खुर्चीच्या हातावर टेकलेलं तिचं बोट, अजून ओलसर, जरासं वर उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. बरोबर त्याच जागी.

कानसेनांनी बँकवाल्यांना कोपराने हळूच ढोसलं.

"बघितलंत?" ते म्हणाले.