दोन कुलुपांवरचं एकमत

मित्रांनो, मी एक जुनं चर्च आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. स्कॉटलंडमधल्या ऑखनमूर गावात, मेंढ्यांच्या बाजाराच्या कडेला मी साडेतीनशे वर्षं उभं आहे. कोळिष्टकं झाली आहेत, कबूल. पण माझ्या भिंतीला एक तरी तडा दाखवा!

गवंड्यांनी मला लाल दगडात बांधलं. आत कोष्टी, लोहार, खाटीक, प्रत्येकाचा वेगळा सज्जा होता. गाव खचाखच भरून बसायचं. मग पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोणी नेमायचा, जमीनदाराने की गावाने, यावरून जुंपली. एका रविवारी निम्मे लोक ताडकन उठून गेले आणि बाजारापलीकडे, बरोबर माझ्या नाकासमोर, त्यांनी दुसरं चर्च बांधलं. शिखर माझ्याहून हातभर उंच. मुद्दाम! त्यानंतर पावणेदोनशे वर्षं कोणी कोणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

आता दोन्हीकडची मिळून चाळीस माणसं उरली. दोन्ही चर्चच्या वरिष्ठांनी कळवलं, एकच इमारत ठेवा, कोणती ते तुम्हीच ठरवा, नाहीतर दोन्ही बंद. सभा माझ्यात भरवायची की त्याच्यात, यावरच घोडं अडलं. शेवटी मेंढ्यांच्या कुंपणात, भर पावसात सभा झाली.

"माझ्या पणजोबांनी तिथून पाय काढला तो काढला," तिकडचा वॅटी पिरी माझ्याकडे बोट दाखवून गरजला. "मी तिथे बसू? मेलो तरी नाही!"

"मेल्यावर तरी कोण घेतंय तुला?" छत्रीखालून इझोबेल ड्यूर्नो कडाडली. ती माझी. पन्नास वर्षं माझी पितळी भांडी घासली तिने. "आणि तुमच्या त्या खुराड्यात मी पाऊल टाकीन होय? त्यापेक्षा दोन्ही बंद पडू देत!"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं.

"पडू देत!" वॅटी म्हणाला.

आणि मेल्यांनी सगळ्यांनी हात वर केले! आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं.

आता मलाही कुलूप आणि समोरच्यालाही कुलूप. रविवारी सकाळी माझ्या दारासमोरून बस सुटते, बारा मैलांवरच्या गावातल्या चर्चला जाणारी. वॅटी हात देऊन इझोबेलला वर चढवतो. तिथे दोघं एकाच बाकावर बसतात म्हणे, आणि तिचा चष्मा विसरला की तो तिला स्तोत्र वाचून दाखवतो!

मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. पण आत येऊन भांडा ना! एवढं मोठं छप्पर मी कशासाठी धरलं होतं?