खुर्चीची साखर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारं बंद, पंखेही बंद. वाऱ्याने म्हणे शक्ती विचलित होते! घामाघूम माणसं ऊर्जागुरूंचे पट्टे बांधलेली मनगटं वर धरून बसली होती आणि एकेक पट्टा उजळला की टाळ्या पडत होत्या.

"पाहा! रक्तातली साखर जळतेय, तिचा हा उजेड!" ऊर्जागुरू गरजले. "ना सेल, ना वायर. औषधं फेकून द्या!"

माझ्या आईने ती खरंच फेकली होती. तीन दिवस इन्सुलिन नाही, तोंडाला कोरड पडलेली, आणि तरी ही बाई मनगटाकडे बघून हसतेय. "तुला उजेड दिसत नाही का रे?" मलाच विचारायची. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

माझ्या वडिलांचा पट्टा मात्र उजळेना. त्यांना पहिल्यापासून घाम कमी. "यांची श्रद्धा कोरडी आहे," गुरूने भर सभेत निकाल दिला. त्यांनी मान खाली घातली.

माझी ताई शाळेत विज्ञान शिकवते. तिने वडिलांचं कोरडं मनगट पाहिलं, बंद पंखे पाहिले आणि ती उठलीच. माझा घामाने चिंब रुमाल ओढून घेतला, खुर्चीच्या हाताला गुंडाळला आणि वडिलांचा पट्टा त्यावर आवळला.

पट्टा उजळला.

"महाराज, खुर्चीची साखर किती?"

हशा पिकला. गुरू चाचरला, "चराचरात... शक्ती आहे."

"मग खुर्चीचंही इन्सुलिन बंद करू?"

तिने पट्टा टराटरा उसवला. आतून कागदासारखा पातळ, वाकणारा पापुद्रा निघाला. "हा सेलच आहे. डबीसारखा नाही, म्हणून ओळखू येत नाही. शाई छापावी तसे थर छापलेत. कोरडा असला की गप्प. घामाचं खारं पाणी शिरलं की वीज वाहते. कुणीतरी डोकं लावून ही चांगली वस्तू बनवली, आणि या माणसाने तीच वापरून तुम्हाला टोपी घातली!"

"पाखंडी! बाहेर काढा हिला!" चोराच्या उलट्या बोंबा.

पण वडिलांनी उठून पंखे लावले. घाम वाळत गेला, तसे पट्टे विझत गेले. आईचाही विझला. ती घाबरून म्हणाली, "आता माझं काय होणार गं?"

"आता दवाखान्यात जायचं," ताई म्हणाली.

तिथे साखर मोजायच्या यंत्राने आकडाच दाखवला नाही, इतकी ती चढली होती. आई वाचली, पण त्या सभागृहातल्या आणखी किती जणांनी औषधं फेकली होती, कोण जाणे. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडू नका. आधी पंखा लावा.