दोन संचांमधली तार

"मोत्या, तुले एक गोट सांगनी शे," माय म्हणाली आणि फोन मेला.

तिकडे धुळ्याच्या दवाखान्यात माझा धाकटा भाऊ भाईदास तिच्या कानाशी रिसीव्हर धरून उभा होता. मी धरणगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ड्युटीवर एकटाच. बदली माणूस संध्याकाळी येणार होता.

मला आधी रागच आला. ब्याण्णव साली आलेल्या या नव्या यंत्रात एकसारखे दोन संच होते. एक चालायचा, दुसरा नुसता जागा. कोण कोणाशी बोलतंय, ही खबर मधल्या तारेतून त्याला सतत मिळायची. पहिला बसला तर दुसऱ्याने काम उचलायचं आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. आज दुसऱ्याने काम उचललं, पण गावातली सगळी बोलणी तुटली.

मागे जाऊन पाहिलं. दोन संचांमधली तार लोंबकळत होती. दसऱ्याला संच पुसून कुंकू लावताना मीच ती काढली होती आणि लावायची राहिली. अशा वेळी लाल दिवा लागतो. तो लागलाही होता, पण त्याच्यावर माझाच झेंडूचा हार होता. वाळून काळा पडला तरी मी तो काढला नव्हता. पूजेची फुलं कचऱ्यात कशी टाकायची? दिवाळीला गावी गेलो की तापीत सोडू, म्हटलं होतं. मोठा शहाणा मी.

तार लावली, पहिला संच चालू केला. सगळं गाव पुन्हा फोन लावत होतं. धुळ्याची लाइन मिळायला अर्धा तास गेला.

"माय गई, भाऊ," भाईदास म्हणाला.

"काय सांगत व्हती ती?"

"तुनं नाव लिधं. मंग बोलनीच नही."

मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं. जळगावच्या साहेबांनी बजावलं होतं, दुरुस्तीनंतर चालू बोलण्यात पहिला संच बंद करून बघा. चालू बोलणं हेच होतं.

"तू बोलत ऱ्हाय," म्हटलं, आणि रिसीव्हर खांद्यात धरून पहिल्या संचाचं बटण बंद केलं.

"बठ्ठा लोके जमा व्हई ग्यात. गाडी सांगेल शे. तिले गावले ली जातस. आवाज ई ऱ्हायना ना, भाऊ?"

"ई ऱ्हायना."

आवाज नीट येत होता. दुसऱ्या संचाने काम उचललं होतं आणि एक अक्षरही गळलं नव्हतं.

यंत्रातलं कार्ड खराब झालं, असं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. मी रजिस्टरात लिहिलं: तार दसऱ्याला मी काढली, लावायची विसरलो. आता लावली. चाचणीत बोलणं तुटलं नाही. खाली सही केली.

मग दिव्यावरचा हार उतरवून पिशवीत ठेवला. तापीवर आता जायचंच होतं.