पोलादपूरची सायकल आणि सोनबाची घंटा

सायकल रस्त्याने चालवणे सुरक्षित की पायवाटेने, या प्रश्नाचा मानवजातीपुरता कायमचा निकाल सन १९३४ च्या मार्गशीर्षात पोलादपुरात लागला. गावात सायकल एकच होती, पण त्यामुळे निकालाला बाध येत नाही.

ती सायकल हैबतीची. सात वर्षं मुंबईच्या गिरणीत काढून तो तिच्यासह परतला होता. महाडच्या भातगिरणीवर त्याला काम मिळालं होतं. रोज अकरा मैल जायचं, अकरा मैल यायचं आणि रात्रीची भाकरी आपल्या घरी खायची, एवढाच बेत. बायको तुळसा, आणि वर्षाची पोर. पोर अजून त्याला पाहुणा समजून रडायची.

पहिल्याच आठवड्यात तो सडकेच्या कडेच्या पायवाटेनं गेला आणि बनुबाईच्या डोक्यावरची घागर फुटली.

"मी पान्याला जायाचं का लढाईला?" बनुबाईनं मालोजी पाटलांच्या ओटीवर विचारलं. "गाडी हाय ना त्याची? मग सडकेनं जावं."

"सडक बैलांची हाय," सोनबा म्हणाला. सोनबा गाडीवानांचा म्होरक्या, शिवाय तुळसाचा बाप. "ही बिनबैलाची गाडी बघून माझे बैल बुजतील. गाड्या गटारात नि जावई बैलांच्या पायाखाली."

"मग मामा, मी जाऊ कुठनं? झाडांवरनं?"

"मुंबईला जा. सात वर्सं तिथं काय दुखत व्हतं?"

पाटलांनी डोळे मिटून विचार केला. त्यांनी सायकलला कधी हातही लावला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं. हैबतीनं सोमवारी एकदा सडकेनं महाडला जाऊन दाखवावं. आपण उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं मागून येऊन बघू. त्या दिवसापुरती चाल बैलाचीच ठेवावी, आणि घंटा सारखी वाजती असावी. नुसतं खरचटलं तरी सायकल विकायची आणि मुंबई गाठायची.

सायकलची घंटा बनुबाईच्या घागरीबरोबरच निकामी झाली होती. तुळसानं माहेरच्या गोठ्यातून बैलाची पितळी घंटा आणली आणि सुतळीनं हँडलला बांधली.

"मामांना इचारलंस का गो?"

"बाबा घाटावर गेलेत, गूळ आणायला. इचारू कुणाला? जावा आता. नि सांजचं घरी या."

सोमवारी उजाडता उजाडता हैबती तिठ्यावरून महाडच्या वाटेला लागला. त्याच वेळी घाट उतरून सोनबाच्या सात गाड्या तिठ्यावर येत होत्या. रात्रभर घाट उतरला की गाडीवानानं झोपायचं, असा त्या धंद्याचा रिवाज. पहिल्या गाडीच्या बैलाला घंटा असते. मागच्या जोड्या तिच्या आवाजामागं चालतात. वाट ठाऊक असायची ती पहिल्या जोडीला. त्या जोडीला दहा वर्षांत प्रथमच आपल्यासारखीच घंटा पुढून ऐकू आली. जबाबदारी उतरल्यासारखी तिनं मान खाली घातली आणि ती सायकलमागं लागली. मागून बाकीच्या सहा. बुजला कोणीच नाही.

हैबतीनं मागं पाहिलं, एकदा डगमगला, आणि मग पुन्हा मागं पाहायचं नाही असं ठरवून घंटा बडवत राहिला.

तीन मैलांवर मोटारीनं त्यांना गाठलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. शेवटच्या गाडीत झोपलेल्या गाडीवान महिपतनं कूस बदलली. मोटारीला पुढं जायला जागा मिळेना. पाटलांनी उरलेले आठ मैल बारकाईनं निरीक्षण केलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

महाडच्या वेशीवर वाजंत्री कुठल्याशा नवरदेवाची वाट बघत बसले होते. पुढे घंटा, मागे सात गाड्या, त्यामागे मोटार, एवढं दिसल्यावर त्यांनी चौकशी केली नाही. सनई लागली, ताशा कडाडला, लोक दुकानांतून बाहेर आले. कुणी हैबतीच्या गळ्यात हार घातला. तो घामानं निथळत होता, पण अंगावर ओरखडा नव्हता.

ताशानं सोनबाला जाग आली. त्यानं डोळे चोळले, महाड पाहिलं आणि पुन्हा डोळे चोळले.

"सोनबा," पाटील मोटारीतून उतरून म्हणाले, "बैल बुजले?"

गाडीवान झोपतो हे सगळ्या मुलखाला ठाऊक असतं, पण कुठलाही गाडीवान ते कबूल करत नाही. सोनबानं फेटा सारखा केला.

"बुजतील कशाला? जावई हाय माझा. सोबत म्हनून आलो."

पाटलांनी तिथंच निकाल दिला: सायकलला सडकेवर धोका नाही, उलट सडकेलाच तिचा आधार आहे. लोकांनी हैबतीला सायकलसकट उचललं.

संध्याकाळी तो घरी पोचला. पोर घंटेकडे बघत राहिली आणि रडायची विसरली. तुळसानं ताट वाढलं.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

सोनबाचा गूळ खेडच्या व्यापाऱ्याचा होता. खेड पोलादपूरच्या दक्षिणेला आहे, महाड उत्तरेला.