चुलीवर टांगलेली फिडल

माझ्या नवऱ्याला, शमुवेलला, चाळिशीत फिडल शिकायचं खूळ लागलं ते कॅसिडी साहेबामुळे. साहेब आयर्लंडचा. नवापूरकडच्या रेल्वेच्या पुलांवर देखरेख करायचा आणि शमुवेल त्याचा स्वयंपाक करायचा. हिवतापानं साहेब पार वाळला होता. आपण आता घरी जात नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याच्या गावी माणूस पुरताना फिडलवर एक संथ धून वाजवत. इथं ती येणारा तो एकटाच, मग त्याच्या मयताला कोण वाजवणार? म्हणून त्यानं शमुवेलला धरलं.

शमुवेल तरुणपणी पावरी फुंकायचा. भोपळ्याची ती लांब पावरी फुंकणारा श्वासाला थांबत नाही. त्याच सवयीनं हा फिडलच्या तारांवर गजही न थांबता ओढायचा आणि वंगण नसलेल्या गाडीसारखा आवाज काढायचा. वर दोष फिडललाच. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी साहेब म्हणाला, "माणूस रडताना मध्ये श्वास घेतो ना? मग गजाला घेऊ दे."

तिथून गज सुधारला. उन्हाळा संपेपर्यंत धून बोटांत बसली. खरं सांगते, मी भाकरी थापायची थांबून ऐकायचे.

पेरण्या झाल्या आणि साहेबाला उपचाराला सुरतेला नेलं. जाताना फिडल शमुवेलकडे देऊन तो म्हणाला, हिला ओल लागू देऊ नको. आमच्यात पेरणीनंतर पावरी वाजवत नाहीत. नवं धान्य येईपर्यंत ती चुलीवर टांगतात, धुरानं किडा लागत नाही. शमुवेलनं फिडलही तिथंच टांगली, बापाच्या पावरीशेजारी, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. आमच्या पोरांनासुद्धा त्यानं कधी इतक्या मायेनं गुंडाळलं नव्हतं.

साहेब परतला तो झोळीतून, उठून बसायचीही ताकद नव्हती. शमुवेलनं फडकं सोडलं तर धगीनं जोडाचा सरेस सुटून फिडलची मान निखळलेली. वहाब सुतारानं ती जोडून दोरीनं आवळली, पण पावसाळी हवेत सरेस वाळेना. साहेब रोज फिडलचं विचारायचा, हा रोज उद्यावर ढकलायचा. खरं सांगायची छाती होईना. मला दोघांचीही कीव यायची. अशातच एका सकाळी साहेब गेला.

वहाबनं बजावलं होतं, "सरेस आजून वल्ला शे. तार ताणशी ते उकली जाई."

शमुवेलनं कबरीपाशी तारा ताणल्या. धून श्वास घेत घेत निघाली, अगदी साहेबासारखी. निम्म्यावर आली आणि मान कडकन उखडली. फिडल चिखलात पडली, मान त्याच्या हातात राहिली. पाद्री जरा थांबला, मग त्यानं माती लोटायची खूण केली. त्या पाद्र्याचा मला आजही राग येतो.

शमुवेलनं उरलेली धून तोंडानं म्हणून पाहिली. जमेना. ती बोटांनाच आली होती, गळ्याला कधी आलीच नव्हती. मग तुटक्या मानेवर त्याची बोटं चालत राहिली, मध्येमध्ये श्वासाला थांबत, धून संपेपर्यंत. ऐकू येत होती ती फक्त माती.