तांबडी बाजू वर

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी आठ वाजता सांता दोरोतेआ बरांगायनं युद्ध पुकारलं. कुणाविरुद्ध, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुकारलंय, हेसुद्धा दहा वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

बरांगाय म्हणजे आम्हा फिलिपिनो लोकांची ग्रामपंचायत, आणि कप्तान म्हणजे तिचा सरपंच. तिच्या कार्यालयासमोर दर सोमवारी झेंडा चढतो. तो चढवायचं काम एकतीस वर्षं अनाक्लेतोकडे होतं. शिपाई तोच, माळी तोच, कप्तानाच्या फोटोचे फलक बांधणारा तोच, आणि पूर आला की खालच्या कपाटातल्या फायली वरच्या फळीवर नेऊन ठेवणाराही तोच. निळी बाजू वर, तांबडी खाली, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. पण त्या दिवशी बोटं दोरीशी होती आणि डोकं गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अडकलं होतं.

त्याची मुलगी लिगाया नर्स म्हणून जर्मनीला निघाली होती. छातीचा एक्स-रे झाला होता, भाषेची परीक्षा झाली होती, दात मोजून झाले होते. राहिला होता एकच कागद, कप्तानाच्या सहीचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तो गुरुवारी पाचच्या आत मनिलातल्या एजन्सीत पोचला नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. यादीत पुढच्या मुली भरपूर होत्या.

तर झेंडा चढला. राष्ट्रगीत झालं. सगळ्यांचा एक हात छातीवर होता आणि दुसरा फोनवर. वर कुणी पाहिलं नाही.

आता, बाकीच्या देशांचा झेंडा उलटा झाला तर तो नुसताच उलटा होतो. आमच्या झेंड्याचं तसं नाही. तांबडी बाजू वर गेली की देश युद्धात आहे, असं कायदाच सांगतो. शाळेत हे सगळ्यांना शिकवतात, आणि शाळेत शिकवलेलं असल्यामुळे कुणाला आठवत नाही. पण बरांगायची सेक्रेटरी पर्पेतुआ हा कार्यक्रम दर सोमवारी फेसबुकवर थेट दाखवायची. एरवी तो अकरा जण पाहायचे, त्यातले नऊ कप्तानाचे नातेवाईक. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिला, आणि खाली पहिला प्रश्न आला : "युद्ध कधी लागलं? आम्हाला कुणी सांगितलं नाही."

कप्तान रोमुआल्दो बान्तिगेंनी अनाक्लेतोला आत बोलावलं आणि फोन त्याच्या नाकापुढे धरला. वयानं मोठा म्हणून ते त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणत.

"कुया क्लेतो, हे काय आहे?"

"झेंडा आहे, कप्तान."

"वरती काय दिसतंय?"

"तांबडं." अनाक्लेतो दाराकडे वळला. "आत्ता उतरवून सरळ करतो. दोन मिनिटांचं काम."

"थांब. यात मी काय करतोय?"

"सलामी देताय."

"आणि बघतोय कुठे?"

कप्तान वरच बघत होते. कॅमेरा आपल्यावर असला की ते नेहमी वर बघत, हनुवटी चांगली दिसते म्हणून.

"म्हणजे मी डोळे उघडे ठेवून, हात छातीवर ठेवून उलट्या झेंड्याला सलामी दिली. याला दंड आहे, कुया. कैदसुद्धा आहे. आणि नोव्हेंबरात निवडणूक आहे." कप्तानांनी पंख्याखाली एक फेरी मारली. "तू उतरवलास तर ती चूक होईल. राहू दिलास तर ते धोरण."

अर्ध्या तासात नोटीस तयार झाली. चिकटवली अर्थातच अनाक्लेतोनं. 'झेंड्याबाबत कोणतीही चूक झालेली नाही. सांता दोरोतेआ युद्धात आहे. शत्रूचं नाव लवकरच जाहीर करण्यात येईल. युद्धकाळात सर्व प्रकारचे दाखले बंद राहतील.'

शेवटच्या ओळीवरून त्याचा डिंकाचा हात दोनदा फिरला.

"कप्तान, लिगायाचा दाखला तेवढा..."

"कुया, युद्धात कुणी देश सोडून जातं का?"

"आपल्याकडे शांततेतच जातात, कप्तान."

"तेच तर! देशप्रेमाला कधी संधीच मिळत नाही. मिळू दे की जरा."

घरी लिगाया बॅगेत सुके मासे भरत होती. बापानं सगळं सांगितलं. तिनं माशांची पिशवी खाली ठेवली.

"ताताय, खरं सांगा. मी जाऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम तर नाही ना केलंत?"

अनाक्लेतो उत्तर द्यायच्या आधी थोडा थांबला, आणि तिथंच चुकला. बायको गेल्यापासून घरात दोनच ताटं लागत होती. आता एक लागणार होतं. झेंडा बांधताना हा विचार मनात आला नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. हात सकाळीच ठेवून झाला होता.

"नाही," तो म्हणाला. "गुरुवारच्या आत तुझा दाखला आणतो. युद्ध संपवावं लागलं तरी चालेल."

मंगळवारी सैन्यभरती झाली. अठरा ते चाळीस वयाचे बहुतेक सगळे रियाध, हाँगकाँग नाहीतर कुठल्यातरी जहाजावर असल्यामुळे त्यांनी व्हिडिओ कॉलवरून पाठिंबा दिला. उरले ते त्यांचे आईबाप. भरतीच्या अर्जाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा होता, आणि दाखले तर बंद होते. तेव्हा पर्पेतुआनं सगळ्यांना 'तात्पुरते सैनिक' म्हणून घेतलं. सेनापती झाला हिलारियो, कारण त्यानं बावीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाक केला होता आणि हुकूम देताना त्याचा आवाज यंत्राच्या वर जायचा.

चार वाजता बास्केटबॉलच्या मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून शत्रू ठरवायची सभा भरली. पहिल्या रांगेत साऱ्या गावाची लोला, म्हणजे आजी, सेफेरिना बसली होती, वय एक्याऐंशी, मांडीवर पंखा.

"बंधूभगिनींनो," कप्तान म्हणाले, "फिलिपिनो असणं म्हणजे काय?"

"रांगेत नंबर लागणं," लोला म्हणाली.

कप्तानांनी ऐकलं नाहीसं केलं. "जो आपल्याला आपण म्हणून जगू देत नाही, तो शत्रू. सुचवा!"

"कांदा!" मागून कुणीतरी ओरडलं. "मांसापेक्षा महाग झालाय."

"कांद्याचे व्यापारी आपले मित्र आहेत," कप्तान म्हणाले. "पुढे."

"समुद्र गिळत सुटलाय तो मोठा शेजारी!" हिलारियो उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पर्पेतुआ हळूच म्हणाली, "सैन्याचे टी-शर्ट आणि दोनशे झेंडे तिकडच्याच कारखान्यातून मागवलेत. अजून पोचायचेत." हिलारियो खाली बसला. शर्ट येईपर्यंत त्या शेजाऱ्याला माफ करण्यात आलं.

शाळेच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "कातडी गोरी करायचा साबण. आपल्या रंगाची लाज आपल्यालाच विकतात." सभा एकदम गप्प झाली, कारण तो साबण कप्तानांच्या सौभाग्यवती विकत होत्या आणि त्या तिथंच, अर्ध्या गोऱ्या, बसल्या होत्या.

"स्पॅनिश?" कुणीतरी सुचवलं.

"गेले."

"अमेरिकन? जपानी?"

"तेही येऊन गेले," हिलारियो म्हणाला. "आपली पाळी येईपर्यंत कुणी शिल्लकच राहत नाही."

मग लोला सेफेरिना खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"पाणी," ती म्हणाली. "दर जुलैत येतं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, चपला काढत नाही. गेल्या साली कमरेपर्यंत होतं, माझ्या नवऱ्याचा फोटो घेऊन गेलं. यापेक्षा मोठा शत्रू कुणाला माहीत असेल तर सांगा."

सगळे हात वर गेले. कप्तानांचासुद्धा गेला, आनंदानं. पाण्याला मत नसतं, पाणी कोर्टात जात नाही, आणि जुलै अजून लांब होता.

अनाक्लेतो खुर्च्या लावून मैदानाच्या कडेला उभा होता. एकतीस वर्षांत तो सभेत कधी बोलला नव्हता. सभेनंतर खुर्च्या उचलणारा माणूस सभेत बोलत नाही. पण गुरुवार दोन दिवसांवर आला होता.

"कप्तान," तो म्हणाला, "शत्रू नदीकडून येणार. मग सैन्य भिंतीवर उभं करावं लागेल."

मैदानातल्या सगळ्यांनी एकदम कप्तानांकडे पाहिलं.

भिंत म्हणजे नदीकाठची पूरभिंत. लांबी चारशे मीटर, काम पूर्ण, दोन वर्षांपूर्वी. फायलीत होती, आणि पूर आला की अनाक्लेतो तिला उचलून वरच्या फळीवर ठेवायचा. फलकावरही होती : 'पूरभिंत पूर्ण! आपला सेवक, कप्तान रोमुआल्दो बान्तिगे.' तो फलक अनाक्लेतोनंच बांधला होता. नसायची ती फक्त नदीकाठी. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी कुणाला सांगत नव्हतं.

"भिंतीचं... बघू," कप्तान म्हणाले.

"बघायचं काय?" हिलारियोचा आवाज यंत्राच्या वर गेला. "उद्या सकाळी सात वाजता भिंतीवर मोर्चेबांधणी! जो येणार नाही तो फितूर!"

बुधवारी सात वाजता तात्पुरतं सैन्य निघालं. त्र्याण्णव माणसं, डोक्यावर पसरट टोप्या, हातात छत्र्या, बादल्या आणि हिलारियोकडे जहाजावरचा मोठा डाव. पुढे पर्पेतुआ फोन धरून उलटी चालत होती. देशभर लोक पाहत होते. काठावर दोन बांबूंच्या मध्ये तो फलक होता. त्यावर कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या भिंतीचं चित्र होतं, शेजारी कप्तान हसत होते. फलकामागे चिखल, दोन बदकं आणि नदी. नदी घोट्याएवढी, स्वतःच्या कामात.

"सैनिकहो," हिलारियोनं हुकूम सोडला, "भिंतीवर चढा!"

सैन्य घुटमळलं. मग लोला सेफेरिना पुढे झाली, चिखलात आपली खुर्ची रोवली आणि तिच्यावर बसली.

"मी चढले," ती म्हणाली.

झालं. एकेक जण येऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, मी चढलो. मास्तरीणबाई चढल्या. साबणवाल्या कप्तानबाईही चढल्या, सवयीनं छत्री उघडून. चारशे मीटरला त्र्याण्णव माणसं पुरेनात, तेव्हा हात ताणून धरले. तरी पुरेनात, तेव्हा ओढण्या, दोऱ्या आणि एक मासेमारीचं जाळं मध्ये धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी भिंत उभी राहिली, आणि ती घामानं निथळत होती.

लिगाया बापाच्या डाव्या हाताला होती.

"ताताय," ती हळूच म्हणाली, "मी गेल्यावर इथं फट पडेल."

"पडेल," अनाक्लेतो म्हणाला. "आताच बघ ना, सगळ्या फटीच आहेत. मध्ये मध्ये एखादा माणूस आहे."

ती हसली. बापाचा हात मात्र तिनं घट्ट धरला.

तेवढ्यात कप्तान धावत आले. बुटात चिखल गेला होता. मनिलाहून टीव्हीची गाडी निघाली आहे, दुपारी पोचेल, असा निरोप आला होता. भिंत दाखवा म्हणत होते.

"कुया क्लेतो! खाली उतरव यांना!"

"कशावरून, कप्तान?"

कप्तानांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीनं कप्तानांकडे पाहिलं.

"युद्ध बंद! माझा हुकूम!"

"असं बंद होत नाही," हिलारियो म्हणाला. "तह लागतो. दोन्ही बाजूंच्या सह्या."

"पाण्याची सही कोण करणार?"

"मी," लोला सेफेरिना म्हणाली. "माझ्या घरात ते दर वर्षी दोन महिने राहतं. एवढी ओळख पुरे."

तह लोलाच्या खुर्चीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिला गेला. पाण्यानं, म्हणजे लोलानं, एकच कलम घातलं : जुलैच्या आधी भिंत, दगडाची, याच जागी. ती आली नाही तर पाणी यायला मोकळं आणि तांबडी बाजूही वर जायला मोकळी. दुसरं कलम अनाक्लेतोनं घातलं. दाखल्यांची खिडकी ताबडतोब उघडावी. कप्तानांनी सही केली. पर्पेतुआनं ती सही इतक्या जवळून दाखवली की देशभरातल्या लोकांना पेन गळतंय हे दिसलं.

टीव्हीची गाडी आली तेव्हा भिंत घरी जाऊन जेवायला बसली होती.

दाखला गुरुवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी एजन्सीच्या टेबलावर पोचला. घाईत पर्पेतुआनं जरा जास्तच लिहिलं होतं : 'लिगाया ही चांगल्या वर्तणुकीची असून, सांता दोरोतेआच्या युद्धात भिंत म्हणून सन्मानानं सहभागी झाली होती.' टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला.

"भिंत म्हणून म्हणजे? नक्की काय काम होतं?"

"उभं राहायचं," लिगाया म्हणाली.

बाईंनी 'अनुभव' या रकान्यात तीन दिवस असं लिहिलं आणि शिक्का मारला.

रविवारी ती गेली. सोमवारी सकाळी आठ वाजता अनाक्लेतो घडी केलेला झेंडा हातात घेऊन खांबाजवळ आला. एका ताटात जेवून आला होता. ताट मोठं वाटलं होतं. रांगेतल्या सगळ्यांनी फोन खिशात घातले होते. पर्पेतुआचा फोन तेवढा वर होता, आणि त्यातून जर्मनीतल्या एका बसथांब्यावरून लिगाया बघत होती. तिकडे पहाटेचे दोन वाजले होते, आणि पहिली बस अजून यायची होती. कार्यालयाच्या दाराशी दगडाचा एक ट्रक उभा होता. एकच. ड्रायव्हर विचारत होता, कुठली भिंत?

कप्तान अनाक्लेतोच्या कानाशी आले.

"निळा वर, कुया. निळा वर. चूक नको."

अनाक्लेतोनं दोरी हातात घेतली. एका ट्रकात चारशे मीटरपैकी किती मीटर येतात, याचा त्यानं मनाशी अंदाज केला. मग सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, निळी बाजू वर बांधली.

"चूक कधीच नव्हती, कप्तान," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारचं मात्र ट्रकवर आहे."