सत्त्याऐंशी पॉइंट पाच

लाल आकडे पेटले, ८७.५, आणि बुद्धप्रियाचा हात किल्लीवरच राहिला. सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेली अंगठ्याएवढी डबी आणि तिच्या तोंडावरचे हे आकडे. रोज सकाळी ते दिसले की दिवस नीट सुरू झाल्यासारखं वाटायचं. आज मात्र कुणी डोळे वटारून बघतंय असं वाटलं. तिनं घाईघाईनं मोबाइल काढला, ब्लूटूथ बंद केलं, मग खात्रीसाठी पुन्हा उघडून पाहिलं, खरंच बंद आहे ना… आहे. समोरून घरमालकीणबाई, दाक्षायणीकाकू, पदर सावरत येत होत्या, हातात डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल. त्यांना सात रस्त्यापर्यंत सोडायचं होतं. बुद्धप्रियाची लॅबही तिकडंच. जुळे सोलापुरातून वीस मिनिटांचा रस्ता.

वीस मिनिटं.

पाचच मिनिटांपूर्वी जिन्यात काकू सहज म्हणाल्या होत्या, "अगं प्रिया, काल संध्याकाळी गंमतच झाली बघ. ह्यांनी गाडी चालू केली तर रेडिओवर कोण तरी गायला लागलं. ते डबडं तर ह्यांनी कवाच काढून ठेवलंय, तितं मोबाइल चार्जिंगला लावतात. तरी गाणं! लई गोड गळा होता बाई."

आणि उरलेल्या पायऱ्या ही धावतच उतरली. कारण काल, रविवारी संध्याकाळी, लॅबची पाळी संपवून आल्यावर, ती शेजारीच आपल्या गाडीत सीट मागं पाडून, डोळे मिटून होती, शेजारची गाडी कधी निघाली तेही तिला कळलं नव्हतं… काचा वर, आवाज अगदी बारीक. काचा बंद म्हणजे झालं, एवढंच तिला ठाऊक. नव्या पेठेतल्या दुकानदारानं मात्र डबी हातात देतानाच सांगितलं होतं, "ताई, हे म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच समजा की. मोबाइलमधलं गाणं हे हवेत सोडणार, तुमच्या गाडीतला रेडिओ ते पकडणार." हवेत सोडलेलं दुसऱ्या कुणाचा रेडिओ पकडणार नाही, असं तो कुठं म्हणाला होता? आपणच धरून चाललो. जुनी गाडी, तिच्या रेडिओला मोबाइल जोडायची सोय नाही, म्हणून घेतलेली ही वस्तू. आपलं गाणं आपल्या गाडीत… केवढा विश्वास माणसानं एका डबीवर टाकावा!

आणि यशपाल — तिचा नवरा, भला माणूस, चांगला भाडेकरू व्हायची त्याला कोण हौस — त्यानं मालकांना, ईरप्पाकाकांना, तश्शीच दुसरी डबी आणून दिली. त्यांची गाडीही जुनी. वर त्यांना खटपट नको म्हणून त्यांचा रेडिओ स्वतः ८७.५ वर लावून दिला, आपल्यासारखाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डबी काकांनी काढून टाकली, पण रेडिओ त्याच आकड्यावर राहिला, दोन महिने. बंगल्याखाली दोन गाड्या शेजारी शेजारी, मध्ये जेमतेम एका माणसाची वाट. दोन महिने म्हणजे आठ रविवार… दर रविवारी पप्पा गाणं पाठवतात.

"चल गं, बसले," काकू म्हणाल्या, आणि दार असं आपटलं की ती दचकलीच.

पप्पा, जालिंदर, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आता निवृत्त. तरुणपणापासून गायन पार्टीत पेटीवर बसून गात आले, गाणी स्वतःच रचायची, चौदा एप्रिलच्या आठवड्यात घरी पाय म्हणून ठरायचा नाही. आता दम पुरत नाही, म्हणून घरीच मोबाइलसमोर बसून एकेक गाणं गातात नि मुलीला पाठवतात. घरात ते लावायची सोय नाही. खालीच मालक राहतात. मग ही गाडी… गाडी म्हणजे तिचं एकटीचं, काचांचं माहेर.

कालचं गाणं नवं होतं. पहिल्या कडव्यात आई खडी फोडते. दुसऱ्यात ती पोरीचं बोट धरून तिला शाळेच्या दारात नेऊन सोडते. तिसऱ्यात पोरीच्या हातात पाटी. इथवर कुणाचंही गाणं. आणि चौथ्यात, शेवटच्या कडव्यात, बाबासाहेबांचं नाव, पप्पांच्या गळ्याची ती उंच तान, आणि ओळीच्या टोकाला त्यांचं स्वतःचं: म्हणे जालिंदर…

कुठवर ऐकलं असेल यांनी?

विचारावं का? विचारलं तर आपल्याला का पडलंय, हे आलंच. न विचारावं तर वीस मिनिटं… तिनं गाडी रस्त्याला घेतली. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला काकूंच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी दिसायला लागलं. त्या आज नेहमीपेक्षा गप्प आहेत का? डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेत म्हणून मिचकावतायत, की…? पण चोर कोण आहे इथं? काय चोरलंय मी?

चोरलं नाही, फक्त हसले. दोन वर्षांपूर्वी, घर बघायला आलो तेव्हा. त्याआधी पाच घरं पाहून झाली होती, पाचही ठिकाणी चहा मिळाला, आणि पाचही ठिकाणी पूर्ण नाव सांगितल्यावर "कळवतो की" मिळालं. कुणी कळवलं नाही. सहाव्या घरी यशपालनं नुसतं "शिंदे" सांगितलं आणि बायकोची ओळख "प्रिया" अशी करून दिली. ठरवून नव्हे, थकून. काकूंनी विचारलं, "कुठले म्हणायचे?" तो म्हणाला, टेंभुर्णीचे. "मग मराठेच की," काकू समाधानानं म्हणाल्या आणि बशी पुढं केली. यशपालनं बशी घेतली. बुद्धप्रिया हसली. एवढंच. तेवढ्या एका हसण्यावर गेली दोन वर्षं उभी आहेत: दारावरची पाटी, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला बाबासाहेबांचा फोटो, सकाळी साडी काढताना त्याला जोडलेले हात… आणि कपाट पुन्हा बंद.

काकू वाईट असत्या तर सोपं होतं. मागच्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस याच बाईनं मऊ भात दिला, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सणाची पुरणपोळी — काय येत नाही वर त्यांच्याकडून? त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून हिनं शेंगा सोलल्यात. हॉलमध्ये जातपात नाकारणाऱ्या बसवण्णांची तसबीर आहे, रोज ताजं फूल. त्या तसबिरीकडं बघून कितीदा वाटलं, आत्ता सांगून टाकावं, ह्यांना कळेल… आणि दर वेळी रिकामी वाटी परत देऊन ती वर निघून आली. कारण कळल्यावर ह्या काय करतील हे माहीत नाही. घर सोडा म्हणतील, ते परवडलं. पण काहीच म्हणणार नाहीत, फक्त चटणी यायची बंद होईल, पाट उचलून ठेवला जाईल, आणि त्या अकरा दिवसांचं सगळं त्या मनातल्या मनात धुऊन काढतील… याची तिला भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी भीती.

"रेडिओ लाव की गं," काकू म्हणाल्या. आसरा चौकाचा सिग्नल लागला होता. "कालचं लागतंय का बघू."

"ते… रोज नाही लागत, काकू."

"लावून तर बघ."

तिनं बटण दाबलं. आत कुठंतरी खात्री होती की ब्लूटूथ आपणच बंद केलंय, आणि तरीही त्या अर्ध्या क्षणात तिनं पप्पांचा आवाज ऐकलाच… लागलं काहीच नाही. डबीची मुकी शांतता, बारीकशी खरखर.

"न्हाय लागत," काकू हिरमुसल्या. "काय सांगू, मला तर काल रडूच आलं. पोरीला शाळेत घालती बघ ती आई. माझ्या आईनं मला चौथीतनं काढलं. अय्यो, काय गायला गं तो माणूस."

"मग?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पुढं काय होतं?"

"पुढं काय, ह्यांनी गाडी काढली. फाटकापर्यंत आलं ऐकू, मग खर्रर्र."

फाटकापर्यंत. गाडी मागं घ्यायला किती वेळ, फाटक उघडायला काका उतरले असतील तो किती… तिसरं कडवं तर गेलंच असणार. चौथं? हिरवा लागला. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल थरथरला: पप्पा.

"उचल की, वडलांचा हाय." काकूंचे डोळे कमजोर, पण एवढं दिसलं.

"गाडी चालवताना नको," म्हणून तिनं फोन कापला. खरं कारण वेगळं होतं. पप्पांचा फोन सुरूच होतो 'जय भीम, बाळा' असा, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या सीटवर सहज जावा. 'जय भीम' म्हणून ते क्षणभर थांबतात. पूर्वी ते थांबत नसत, कारण हिचं उत्तर त्यांच्या वाक्यावर आदळायचं. दोन वर्षं ही नुसतं "बोला, पप्पा" म्हणते. ते कधी विचारत नाहीत. फक्त थांबतात, आणि मग औषधांचं बोलायला लागतात.

सात रस्ता आला. काकू सावकाश उतरल्या, पदर दारात अडकलेला सोडवला, आणि मग खिडकीत वाकून, तिच्याकडं न बघता, फाइलची कड नीट करत म्हणाल्या, "ते गाणं तुझ्या मोबाइलवर असलं तर मला पाठव हां."

"माझ्या… मोबाइलवर?"

"असलं तर म्हणते. तुमच्या पोरींच्या मोबाइलवर काय नसतं!" आणि त्या रस्ता ओलांडून निघाल्याही.

बुद्धप्रियानं गाडी कडेला घेतली. असलं तर. म्हणजे काय? सहज म्हणाल्या, की कालच कळलंय, की दोन महिन्यांपूर्वीच… आणि कळून परवा चटणी दिली? तिनं त्यांचा चेहरा आठवून पाहिला. जुनाच चेहरा. हातात मोबाइल होताच. गाणं समोर, पाच मिनिटं बावीस सेकंदांचं. पाठवायचं तर… पूर्ण कशाला? तीन कडव्यांतही गाणं पुरं होतं की. काकूंना रडू आलं ते तिथवरच्याच गाण्यावर. त्यांना गाणं मिळेल, आपलं घर राहील, कुणाचं काही बिघडणार नाही.

लॅबमध्ये रुग्णांना सूचना पाठवताना ध्वनिफिती छाटायची तिला सवय होती. तिनं कात्रीची खूण दाबली. गाण्याची उंचसखल रेघ पडद्यावर पसरली, आणि तिचा अंगठा शेवटाकडची खुंटी धरून मागं सरकू लागला, सराईतपणे… चार मिनिटं नऊ सेकंद. तिथं थांबला. तिनं ऐकून पाहिलं. तिसरं कडवं संपलं, पेटीचा एक सूर, आणि बरोबर बाबासाहेबांच्या नावाच्या आधी, पप्पा श्वास घेतात तिथं, शांतता. काठ इतका स्वच्छ की कुणाला वाटू नये इथून काही कापलंय.

तिला आठवेना, आपण हा सेकंद कधी शोधला. काल गाणं एकदाच ऐकलं होतं. म्हणजे ऐकतानाच, डोळ्यांत पाणी असतानाच, आतलं कुणीतरी मोजत बसलं होतं. आणि त्याआधीच्या सात गाण्यांत? तिनं मनातल्या मनात एकेक आठवलं, आणि प्रत्येकात कुठं कापायचं ते तिला ठाऊक होतं.

रस्त्यापलीकडं काकू दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या, एकेक पायरी चाचपत. सकाळपासून जिची भीती वाटत होती ती ही म्हातारी बाई. आता तिच्याकडं बघताना काहीच वाटेना. भीती होती तेवढीच होती, पण ती काचेच्या आत आली होती, तिच्या स्वतःच्या अंगठ्याशी. तो अजून पडद्यावर टेकलेला होता, आणि तो उचलला तर गाणं कापलं जाईल की वाचेल, हे तिला आठवत नव्हतं.